चौसष्ट वर्षांचा डाव

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या पायाभरणीचा वृत्तांत असावा, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचीं चरित्रें असावींत, देणगीदारांचीं नांवें असावींत, हें सर्वांस मान्य होईल. परंतु तींत एका इंग्रज स्नूकरपटूचें चरित्र पाहून आमच्या कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या भुवया चढतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांची शंका रास्त आहे. तिचें निरसन प्रथम करूं आणि मग विषयास हात घालूं.

संत पौल यानें आपल्या पत्रांत शर्यतीचा व विजयमुकुटाचा दाखला देण्यांत कमीपणा मानला नाहीं. संत अलोयशियस गोंझागा याजविषयीं तर एक आख्यायिका आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं ऐकिली असेल. विश्रांतीच्या वेळीं तो सोबत्यांसह खेळत असतां, घटकाभरांत मरण येणार असें कळल्यास कोण काय करील, असा प्रश्न निघाला. कोणी म्हणाला, देवळाकडे धांवेन. कोणी म्हणाला, पापनिवेदन करीन. अलोयशियस म्हणाला, मी आपला खेळच चालूं ठेवीन. ज्या घटकेस जें काम नेमून दिलें आहे तें त्या घटकेस निर्मळ मनानें करणें, हीहि देवाची सेवाच होय, असा या गोष्टीचा भावार्थ.

दुसरें असें कीं, जुन्या करारांत दर पन्नासावें वर्ष ज्युबिलीचें म्हणून पाळण्याची आज्ञा आहे. आपणहि पन्नास वर्षें मोजून उत्सव करितों. परंतु या पन्नास वर्षांत गाजावाजाचीं वर्षें किती आणि मुकीं वर्षें किती, याचा हिशेब केला तर मुकीं वर्षेंच अधिक भरतात. कोनशिला बसविल्याचा दिवस सर्वांच्या ध्यानांत राहतो; पावसाळ्यांतल्या एखाद्या गुरुवारीं सकाळीं तीन म्हाताऱ्यांपुढें झालेला मिस्साबली कोणाच्याच ध्यानांत राहत नाहीं. अशा मुक्या दिवसांचें मोल काय? या प्रश्नाचा विचार करितांना आम्हांस फ्रेड डेव्हिस या मनुष्याची आठवण झाली. १९२९ सालीं त्यानें व्यवसायी खेळाडू म्हणून हातीं काठी धरिली, ती १९९३ सालीं खालीं ठेविली. म्हणजे त्याचा डाव चौसष्ट वर्षें चालला.

प्रथम खेळाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. स्नूकर हा खेळ विलायतेंत वाढला खरा, परंतु त्याचा जन्म आपल्याच देशांतला. १८७५ सालीं जबलपूर येथील लष्करी छावणींत डेव्हनशायर रेजिमेंटचे अधिकारी पावसाळ्यांत बिलियर्ड्‌सच्या टेबलाभोंवतीं वेळ घालवीत असत. त्यांच्यांतील नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें चालू खेळांत रंगीत गोळ्यांची भर घालून एक नवीन प्रकार काढिला. वूलिच येथील लष्करी शाळेंत नव्यानें आलेल्या विद्यार्थ्यास त्या काळीं थट्टेनें ‘स्नूकर’ म्हणत. एका गड्याचा सोपा गोळा चुकला तेव्हां चेंबरलेन यानें त्यास हाच शब्द लाविला, आणि या खेळांत आपण सारेच नवशिके आहों असें म्हणून तोच शब्द खेळासहि दिला. पुढें उटकमंडच्या क्लबांत या खेळाचे नियम पक्के झाले. हा चेंबरलेन निराळा आणि विलायतेचा मुख्य प्रधान झालेला त्याच नांवाचा गृहस्थ निराळा, हें सांगून ठेवितों.

हा खेळ बारा फूट लांब व सहा फूट रुंद अशा टेबलावर खेळतात. दगडी पाट्यांवर हिरवें लोंकरी कापड ताणून बसविलेलें असतें व कडेला सहा खिसे असतात. तांबडे गोळे १५, प्रत्येकाचा गुण एक. याखेरीज पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी व काळा असे सहा रंगीत गोळे; त्यांचे गुण अनुक्रमें दोनपासून सातपर्यंत. खेळाडूनें काठीनें पांढऱ्या गोळ्यास ठोसा द्यावयाचा आणि त्याच्या टोल्यानें एकदां तांबडा व एकदां रंगीत असा गोळा खिशांत घालावयाचा. तांबडे संपेपर्यंत रंगीत गोळे पुन्हां टेबलावर ठेवितात. नंतर तेहि क्रमानें उचलावयाचे. प्रत्येक तांबड्यानंतर काळाच घेत शेवटपर्यंत न चुकतां गेल्यास १४७ गुण होतात. आमच्या तरुणांस कॅरमची संवय आहे, त्यांस हें समजण्यास अडचण पडूं नये. ज्याचा डाव चालूं असेल तो उभा. दुसऱ्यानें खुर्चीवर बसून पाहत राहावयाचें. या खेळांतला निम्मा काळ असा स्वस्थ बसण्यांतच जातो, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

फ्रेडचा जन्म १४ ऑगस्ट १९१३ रोजीं इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत चेस्टरफील्ड येथें झाला. बाप पूर्वीं कोळशाच्या खाणींत काम करणारा, पुढें खाणावळ व मद्यगृह चालविणारा. बापाच्या धंद्याच्या जागेंत बिलियर्ड्‌सचें टेबल होतें. त्या टेबलावर फ्रेडचा थोरला भाऊ जो डेव्हिस हा लहानपणींच तयार झाला होता. जो हा फ्रेडहून बारा वर्षांनीं मोठा. तो बिलियर्ड्‌सचा जगज्जेता झाला. आणि स्नूकरला त्या वेळीं विलायतेंत कोणी विशेष मान देत नसतां, त्यानेंच खटपट करून १९२७ सालीं स्नूकरची पहिली जागतिक स्पर्धा भरविली व जिंकली. त्या विजयाबद्दल त्याच्या हातीं अवघे साडेसहा पौंड आले. जमलेल्या प्रवेशशुल्काचा बाकीचा भाग चषक विकत घेण्यास लागला. तोच चषक आजहि जगज्जेत्यास देतात. १९२७ पासून १९४६ पर्यंत जो यानें ही स्पर्धा पंधरा वेळां जिंकली; तींत तो एकदांहि हरला नाहीं.

अशा थोरल्या भावाच्या पाठीवर त्याच धंद्यांत उतरणें म्हणजे काय, हें ज्यांच्या घरीं असा एखादा कर्तबगार ज्येष्ठ आहे त्यांस सांगणें नको. शाळेंत मास्तर विचारतात, तूं अमक्याचा धाकटा भाऊ काय? बाजारांत लोक तेंच विचारतात. स्वतःचें नांव असून तें कोणी घेत नाहीं. फ्रेडनें १९२९ सालीं बिलियर्ड्‌सचा व्यवसायी म्हणून आरंभ केला आणि १९३७ सालीं स्नूकरच्या जागतिक स्पर्धेंत प्रथम पाऊल टाकिलें. पहिल्याच सामन्यांत वेल्सच्या बिल विदर्स यानें त्यास १७ विरुद्ध १४ डावांनीं हरविलें. थोरल्या भावास ही गोष्ट फार झोंबली. पुढच्या फेरींत विदर्सची गांठ त्याच्याशीं पडली, तेव्हां त्यानें ३१ डावांपैकीं ३० जिंकून धाकट्याच्या पराभवाचें पुरेपूर उट्टें काढिलें. भावाचें प्रेम म्हणावें तर तें हेंच, आणि धाकट्यास खालीं मान घालावयास लावणारें म्हणावें तर तेंहि हेंच.

पराभवाचें कारण मात्र साधें होतें. फ्रेडची दृष्टि अधू झाली होती, आणि हें मान्य करण्यास तो कचरत होता. टेबलावर वांकून नेम धरितांना साध्या चष्म्याची वरची कड आड येते. म्हणून त्यानें भिंगें हवीं तशीं फिरवितां येतील असा खास चष्मा करविला. वांकल्यावर भिंगें डोळ्यांसमोर सरळ उभीं राहत. तो चष्मा पुढें जन्मभर त्याची ओळख होऊन बसला. आपली उणीव कबूल करण्यास त्यास एका पराभवाची किंमत पडली. परंतु कबूल केल्यावर इलाज सांपडला. पापनिवेदनाच्या खुर्चीपाशीं आपण सर्वजण हाच धडा पुन्हां पुन्हां शिकत असतों.

तीन वर्षांनीं, १९४० सालीं, लंडनच्या थर्स्टन्स हॉलमध्यें दोघे भाऊ अंतिम सामन्यांत समोरासमोर आले. ७३ डाव खेळले गेले. निकाल लागला ३७ विरुद्ध ३६, आणि जय थोरल्याचा. धाकटा एका डावानें मागें राहिला. मग युद्धामुळें स्पर्धा बंद पडली ती १९४६ सालींच पुन्हां भरली. त्या वर्षीं जो यानें ऑस्ट्रेलियाच्या होरेस लिंड्रमला हरविलें आणि जगज्जेतेपदाच्या स्पर्धेंतून निवृत्त झाला. इतर सामने व प्रदर्शनें मात्र तो पुढेंहि पुष्कळ वर्षें खेळत राहिला.

आतां धाकट्यास मार्ग मोकळा झाला, असें कोणासहि वाटेल. १९४७ ते १९५१ या पांचहि वर्षीं अंतिम सामना फ्रेड डेव्हिस आणि स्कॉटलंडचा वॉल्टर डोनाल्डसन यांच्यांतच झाला. १९४७ सालीं डोनाल्डसन जिंकला. १९४८ व १९४९ सालीं फ्रेड. १९५० सालीं पुन्हां डोनाल्डसन. १९५१ सालीं पुन्हां फ्रेड. १९५२ सालीं खेळाडूंचें व नियामक मंडळाचें पैशाच्या वांटपावरून बिनसलें आणि बहुतेक खेळाडूंनीं आपली निराळी जागतिक स्पर्धा काढिली. ती १९५२ पासून १९५६ पर्यंत सलग पांच वर्षें फ्रेडनेंच जिंकली. अशीं आठ जगज्जेतेपदें त्याच्या नांवावर मांडलीं जातात. तरीहि लोक म्हणत, खरा जेता तो थोरलाच. तो स्पर्धेंत उतरत नाहीं म्हणून हा जिंकतो. न हरतां निघून गेलेल्या मनुष्याच्या गादीवर बसणाऱ्याच्या नशिबीं हें बोलणें यावयाचेंच. येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. जो याच्याशीं सामना असला म्हणजे प्रतिस्पर्ध्यास आरंभींच कांहीं गुण सवलत म्हणून देण्याचा पुष्कळदां प्रघात असे. सवलत न घेतां, बरोबरीच्या नात्यानें जो यास हरविणारा खेळाडू एकच झाला, आणि तो फ्रेड होय. असें त्यानें चार वेळां केलें.

येथवर जें सांगितलें तें कोणत्याहि यशस्वी खेळाडूचें चरित्र झालें. आमचा विषय येथून पुढें सुरू होतो.

१९५५ सालच्या जानेवारींत लंडनचें लेस्टर स्क्वेअर हॉल हें या खेळाचें माहेरघर बंद झालें. बंद होण्यापूर्वींच्या शेवटच्या दिवसांत, २२ जानेवारी रोजीं, जो यानें तेथें १४७ गुणांचा डाव रचिला. दिवा मालवण्यापूर्वीं मोठा होतो तसेंच हें झालें. प्रेक्षक आटत चालले होते. १९५७ सालच्या जागतिक स्पर्धेंत अवघे चार खेळाडू होते. फ्रेड तींत नव्हता. त्यानंतर सात वर्षें जागतिक स्पर्धाच भरली नाहीं. जगज्जेते होते, परंतु ज्याचें जेतेपद घ्यावयाचें तो खेळच लोकांच्या दृष्टीआड झाला होता. फ्रेड तेव्हां चव्वेचाळिशीचा. उत्तर वेल्समधील लँडुडनो या समुद्रकांठच्या गांवीं त्याचें हॉटेल होतें. पाहुण्यांची सरबराई करावी, हिशेब लिहावे, असा सामान्य गृहस्थाचा संसार.

त्याचा जुना प्रतिस्पर्धी डोनाल्डसन यानें १९५४ नंतर जागतिक स्पर्धा सोडली. आपल्या घरची बिलियर्ड्‌सची खोली त्यानें गाईंचा गोठा केली आणि टेबलाच्या दगडी पाट्या पायवाटेस वापरल्या, असें सांगतात. त्यास आम्ही दोष देत नाहीं. ज्या कामांतून रस गेला तें काम टाकून गाई पाळणें यांत अपराध नाहीं. परंतु दोन माणसें पांच वर्षें एकाच टेबलाशीं झुंजलीं. पुढें एकानें त्या टेबलाची पायवाट केली आणि दुसऱ्यानें काठी जपून ठेविली, हें चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं.

१९६४ सालीं जागतिक स्पर्धा आव्हानाच्या रूपानें पुन्हां सुरू झाली. जेता होता जॉन पुलमन. १९५५ व १९५६ सालीं अंतिम सामन्यांत फ्रेडनेंच त्यास हरविलें होतें. आतां आव्हान देणारा फ्रेड झाला. १९६४ सालीं तो १९ विरुद्ध १६ डावांनीं हरला. १९६५ सालीं पुन्हां आव्हान दिलें. या वेळीं निकाल लागला ३७ विरुद्ध ३६. पंचवीस वर्षांपूर्वीं भावाकडून ज्या आंकड्यानें हरला त्याच आंकड्यानें तो पुन्हां हरला. १९६६ सालीं सात सामन्यांची मालिका झाली; त्यांत पुलमनचे चार, फ्रेडचे तीन. तीन आव्हानें, तीन पराभव, आणि तिन्ही अगदीं थोडक्यानें. पन्नाशी उलटलेल्या, आठ वेळां जगज्जेता झालेल्या मनुष्यानें येथें थांबावें, असें कोणीहि सांगितलें असतें. तो थांबला नाहीं. जेतेपद त्यास पुन्हां कधींच मिळालें नाहीं. परंतु या पुढच्या काळांतच लोक त्याच्यावर प्रेम करूं लागले.

१९६९ सालीं बी. बी. सी. नें रंगीत दूरचित्रवाणीवर स्नूकरचा कार्यक्रम सुरू केला. ज्या खेळांत गोळ्यांचे रंग हेंच सर्वस्व, तो घरोघरीं दिसूं लागला आणि सुकलेल्या ओढ्यास पाणी आलें. नव्या दमाचे, जलद खेळणारे तरुण पुढें आले. त्यांच्या रांगेंत हा चष्मा लाविलेला, गुबगुबीत, हंसतमुख आजोबा उभा राहिला. गोळा चुकला तर इतर खेळाडू कपाळास आंठ्या घालीत. फ्रेड हंसत असे आणि खुर्चीवर जाऊन बसे. १९७४ सालीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, त्यानें जागतिक स्पर्धेंत अॅलेक्स हिगिन्स या पंचवीस वर्षांच्या माजी जगज्जेत्यास १५ विरुद्ध १४ डावांनीं हरवून उपांत्य फेरी गांठली. तेथें रे रिअर्डननें त्यास १५ विरुद्ध ३ असें धुवून काढिलें. तरी फ्रेड खेळत राहिला.

१९७८ सालचा प्रसंग सांगितल्याखेरीज हें चरित्र पुरें होणार नाहीं. जागतिक स्पर्धा तेव्हां शेफील्ड येथील क्रूसिबल नाट्यगृहांत भरूं लागली होती. फ्रेड चौसष्ट वर्षांचा. उपांत्य सामना दक्षिण आफ्रिकेच्या पेरी मॅन्स याच्याशीं. प्रेक्षकांत सत्याहत्तर वर्षांचा जो बसला होता. जो मनुष्य जागतिक स्पर्धेंत स्वतः कधीं हरला नाहीं, तो धाकट्याचा प्रत्येक गोळा खिशांत जावा म्हणून खुर्चींत डावी-उजवीकडे झुलत होता, असें पाहणाऱ्यांनीं नमूद केलें आहे. फ्रेड १८ विरुद्ध १६ असा हरला. जो त्या सामन्याच्या वेळींच आजारी झाला. पुढें मोठी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि १० जुलै १९७८ रोजीं तो वारला. जन्मभर लोकांनीं धाकट्यास थोरल्याच्या सावलींत पाहिलें. शेवटीं थोरला अंधारांत खुर्चीवर बसला आणि उजेडांत धाकटा उभा राहिला. आणि थोरल्याच्या मनांत, आम्हांस वाटतें, त्या वेळीं भावाच्या जयाखेरीज दुसरी कोणतीहि इच्छा नव्हती. भावाभावांतला जुना हिशेब याहून चांगल्या रीतीनें कसा मिटावा?

दोन वर्षांनीं, १९८० सालीं, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं फ्रेड बिलियर्ड्‌सचा जगज्जेता झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानें तें पद पुन्हां राखलें. स्नूकर व बिलियर्ड्‌स या दोन्ही खेळांत व्यवसायी जगज्जेते झालेले पुरुष दोनच, आणि ते हे दोन भाऊ. १९८४ सालीं, सत्तरी उलटल्यावर, तो क्रूसिबलमध्यें शेवटचा खेळला आणि बिल वर्बेनिकशीं १० विरुद्ध ४ असा हरला. इतक्या वयाचा खेळाडू त्या रंगभूमीवर दुसरा झाला नाहीं. त्यानंतरहि नऊ वर्षें तो लहानमोठ्या पात्रता-फेऱ्यांत, मोजक्या प्रेक्षकांपुढें, खेळत राहिला. बहुतेक वेळां हरत असे. गुडघ्याच्या संधिवातामुळें टेबलाभोंवतीं फिरणें कठीण झालें, तेव्हां १९९३ सालीं, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यानें काठी खालीं ठेविली. १६ एप्रिल १९९८ रोजीं तो चौऱ्याऐंशीव्या वर्षीं वारला.

फ्रेड डेव्हिस हा संत होता असें आमचें म्हणणें नाहीं. तो एक खेळाडू होता आणि खेळावर पोट भरीत होता. परंतु त्याच्या चौसष्ट वर्षांतून जिंकलेलीं आठ वर्षें वजा केलीं तर छपन्न उरतात. आणि त्या छपन्न वर्षांत तो रोज त्याच टेबलाशीं त्याच मनानें गेला नसता, तर आज त्याची गोष्ट सांगण्यास आम्ही बसलों नसतों. शुभवर्तमानांत संत अंद्रिया यानें आपल्या भावास प्रभूकडे आणिलें, आणि पुढें सारें बोलणें झालें तें पेत्राचें. अंद्रिया रुसून परत जाळीं विणावयास गेला नाहीं. बारा जणांत तो शेवटपर्यंत राहिला.

आमच्या देवळांतहि असे अंद्रिया पुष्कळ झाले. पहांटेची घंटा वाजविणारा, वेदीवरचीं वस्त्रें धुऊन इस्त्री करणाऱ्या बाया, दर रविवारीं तीच गाणीं त्याच पेटीवर वाजविणारा, मुलांस प्रश्नोत्तरें पाठ करवून घेतां घेतां म्हातारी झालेली मास्तरीण. यांचीं नांवें कोनशिलेवर नाहींत. त्यांचीहि वर्षें मोजलीं, तरच आपली पन्नास भरतात. त्यांच्यापैकीं जे आज हयात आहेत त्यांस आमची विनंती एवढीच कीं, ज्युबिलीचे मांडव उतरल्यावर, दुसऱ्या दिवशीं पहांटे, घंटा नेहमींच्या वेळेस वाजावी.